उन्हातले सेल आणि गिटारवाला

हसायचं तर मोकळेपणाने हसा, मला राग नाही. दुसऱ्याची चांगली चालती वस्तू मी पदरमोड करून बिघडवून आणली, ती कशी ते सांगतो. चूक माझी एकट्याची, तीत वाटेकरी कोणी नाही.

माझा मेहुणा दत्ता बोटीवर खलाशी. एकदा धावतपळत आमच्याकडे आला, हातात परदेशातला टेप. मुंबईच्या खोलीत सहाजण राहायचे, तिथे ठेवला तर परत मिळायचा नाही, म्हणून माझ्या हवाली केला. सोबत एकच कॅसेट. वर गिटार पोटाशी धरून हसणारा एक माणूस.

"भावोजी, ह्याची गाजलेली गाणी हायत. जाझ म्हणतात. मी वर्षानं येतो, तोवर तुम्ही ऐका."

एवढं बोलून पोलादपूरची एसटी पकडायला पळालासुद्धा. वाजवून दाखवायला वेळ कुणाला?

टेपातले सेल त्याने वापरून अर्धे संपवलेले. आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. आणि सेल संपले म्हणून कोण टाकतं हो? आंबेनळी घाटाखाली आम्ही सगळेच सेल उन्हात घालायचो. सुपात आमसुलं, आमसुलांशेजारी चार सेल. पावसाळ्यात चुलीच्या कडेला. तापले की पुन्हा थोडे दिवस जीव धरायचे.

त्या जिवावर गिटार वाजायची. काय वाजायची म्हणता! एक सूर निघाला की दुसरा येईस्तोवर माझी बायको शेवंता भाकरी थापून तव्यावर टाकायची. जड, खोल, लांबलचक सूर. रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा निवांत. मला तो माणूस फार आवडला. जन्मला परदेशात, पण स्वभाव आपल्या वाडीचा! शेजारचा गणूतात्या रोज दिवेलागणीला यायचा आणि ऐकता ऐकता डोळे पुसायचा.

"कुणीतरी गेलं असंल रे त्याच्या घरातलं," म्हणायचा.

वर्ष सरलं. दत्ताचं पत्र आलं, येतोय म्हणून. म्हटलं, त्याचीच वस्तू त्याच्यासमोर जुन्या सेलांवर वाजवायची? महाडहून चार कोरे सेल आणले. जुने शेवंताने उकिरड्यावर फेकले. नवे घातले, बटण दाबलं.

आणि गिटार उधळली! दावं तोडलेल्या पाड्यासारखी! बारीक आवाजात टणटण टणटण, श्वास नाही की विसावा नाही.

"अवो, काय केलंत?" शेवंता ओरडली. "माझ्या भावाची चीज मोडलीत!"

"मी नाय गो... नुसतं बटण..."

दत्ता परवा यायचा होता. पोराने विश्वासाने ठेवायला दिलेली एवढी एकच वस्तू, आणि ती माझ्या हातून जावी? सकाळच्या एसटीने टेप फडक्यात बांधून महाड गाठलं. दुरुस्तीच्या दुकानातल्या मिस्त्रीने लावून बघितला.

"काका, मस्त चाललाय की!"

"चालत नाय तो... पळतोय."

"अहो, गाणंच तसं आहे."

"वर्षभर... रोज... ऐकलाय मी त्याला. तो माणूस... असा... नाय."

माझं वाक्य संपेस्तोवर मिस्त्रीचा एक रेडिओ जोडून झाला.

"मग करू काय?"

"हळू कर बाबा. बायकोचा भाऊ... उद्या येतोय."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. मग टेप उघडून मोटारीजवळचा बारीकसा स्क्रू फिरवायला लागला.

"एवढा?"

"अजून."

"एवढा?"

"अजून... थोडा."

आणि आला हो, माझा गिटारवाला परत आला! खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दत्ता आला. टेप तसाच चकचकीत बघून खूश झाला. खिशातून एक कॅसेट काढली.

"आक्का, बोटीवर दोस्ताच्या टेपवर तुझ्यासाठी बोललोय. तुला पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं ना? आता माझ्याच तोंडून ऐक."

शेवंता पदर सावरून जवळ बसली. दत्ताने बटण दाबलं.

"आऽऽऽक्काऽऽऽ... मीऽऽऽ... बराऽऽऽ... हाऽऽऽय..."

विहिरीत पडलेला रेडा बोलावा तसा आवाज! शेवंताने हंबरडाच फोडला.

"दत्ता, कसला रे आजार झालेला तुला? आमाला कळवलं नायस ते?"

"अगो, मला काय झालंय? तुझ्यासमोर बसलोय ना मी!"

मी म्हटलं, "मला तर... सगळं... नीट समजलं."

दत्ताने टेपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भावोजी, काय केलंत ह्याला?"

मी सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात? उलट टेप वेळेवर दुरुस्त करून आणला, याचा मला अभिमान होता! दत्ताने आधी डोकं धरलं, मग पोट धरून लोळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं महाडला. मिस्त्रीने स्क्रू उलटा फिरवला. दत्ताचा आवाज माणसासारखा झाला. मग गिटार लावली. दत्ता पायाने ताल धरून डोलायला लागला.

"हां, हा खरा! पटलं ना, भावोजी?"

मी विचार करत होतो. मिस्त्री हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून दत्ताला म्हणाला, "पाहुणे, टेप आला जागेवर. आता काकांचा स्क्रू कुठाय तेवढं दाखवा, तोही फिरवून देतो."

असं कुणी बोलल्यावर गप्प बसणारा मी नाही. फाडकन उत्तर देणार होतो. पण माझं तोंड उघडेपर्यंत ते दोघं हॉटेलात चहा पिऊन परतलेसुद्धा!