घरात पेंढा आहे का?

अन्याय माझ्या आईवर झाला. दुसऱ्या केमोनंतर, मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास, पुण्याच्या दवाखान्यात तिच्या डिस्चार्जच्या कागदावर सही झाली त्या मिनिटाला. कागदावर होतं: गर्दी टाळा, उकळलेलं पाणी प्या. रक्ताचा कर्करोग, औषधानं पांढऱ्या पेशी तळाला जाणार, आणि ही बाई आमच्या गावी, औंढ्याला, कसल्या घरात जाणार हे एकानंही विचारलं नाही.

आम्ही गर्दी टाळली. भाताची झोडणी नुकतीच उरकलेली. काकूनं गोठ्याला लागून असलेली मागची निवांत खोली शेणानं सारवली आणि थंडी बाधू नये म्हणून गादीखाली वीतभर पेंढा घातला. पेंढ्या माळ्यावरून मीच काढल्या, खोलीतच झाडल्या. दोन-तीन जुन्या होत्या, ओल लागून काळ्या पडलेल्या. धुरळा उडाला, आई शिंकली.

"बाळंतिणीवानी थाट हाय बाई माझा!"

"मंग? झोपा गुमान, आक्का," काकू म्हणाली. "हितं कुनी न्हाई यायचं तरास द्याया."

पाचव्या दिवशी ताप. गाडी करून परत पुणं. सलाईनमधून अँटिबायोटिक चाललं, पण चार दिवस झाले तरी ताप हटेना. आमच्याकडच्या तुंगार्लीच्या तळ्याकाठी झालेल्या बंगल्यांविरुद्ध मी पूर्वी पत्रकं काढून वाटलेली. आता दवाखान्याविरुद्ध तशाच पत्रकाचा मजकूर जुळवत बाकावर बसलो होतो. आई मात्र खंगत चालली होती.

तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर रिपोर्ट हातात घेऊन माझ्याकडे आल्या.

"दादा, घरी गुरं आहेत?"

"आहेत."

"आई कशावर झोपायच्या?"

"पेंढ्यावर गादी टाकून."

"कोरडा होता, की बुरशी आलेला?"

मी हातातल्या मजकुराच्या कागदाची घडी घालू लागलो.

"बोला हो. मी ओरडायला नाही आले."

सगळं सांगितलं. असली धूळ तुमच्या-आमच्या छातीत टिकत नाही, पण पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात बुरशी मूळ धरते, एवढं म्हणून त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनीही वेळ घालवला नाही. त्याच दुपारी स्कॅन झाला. फुप्फुसात डाग होते. बुरशीवरचं औषध लगेच सुरू झालं, पुढे बरेच महिने चाललं.

आई वाचली. काकू अजून डोळे पुसते, "म्याच घातला पेंढा." आई म्हणते, "तू घातलास, ह्यानं झाडला, मी झोपले. तिघंबी येडी. च्या टाक आता."

सिस्टरांना इंद्रायणी तांदूळ द्यायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "विचारणं हे माझं कामच आहे." कामच आहे! मग बाकीच्यांचं काय होतं? राग जात नाही. पण आईचा आवाज घरात ऐकू आला की आधी त्या बाईंचा चेहराच आठवतो.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर डिस्चार्जच्या कागदाला हात लावू नका, आधी डॉक्टरांना सगळं घर सांगा: गोठा, पेंढा, ओली भिंत, शेजारच्या बांधकामाची धूळ. ते विचारतील म्हणून थांबू नका. ताप आला की पुन्हा सांगा, आणि बुरशी तपासली का, हे तोंडावर विचारा.