चेंडू कुठे थांबला

जुने विद्यार्थी भेटले की म्हणतात, सर, तुमची नजर पक्की होती. अशा वेळी मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. माझी नजर किती पक्की होती ते मला ठाऊक आहे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. भाड्याच्या खोल्यांतून कचेऱ्या उघडत होत्या, नव्या पाट्यांचा रंग वाळायच्या आत कुठली तरी भरती निघत होती. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. मी तिथल्या एका कॉलेजात खेळांचा शिक्षक होतो. पूर्वी आमच्या मैदानावर आठवड्यातून एकदा पाणी मारत. आता माणसांनाच टँकरचं पाणी, मैदानाला कोण विचारतो? मुरूम असा आवळून बसला होता की पडलेल्याच्या गुडघ्याचं सालपट निघायचं.

आमचा गोलकीपर अहमदपूरकडचा होता. गोलकीपर म्हणून तसा कच्चाच. सरळ हातात आलेला चेंडूही त्याच्याकडून सांडायचा आणि मग पोरं त्याला हातांना डिंक लावून ये म्हणायची. पण चेंडू हातातून सोडून तो असा लाथाडायचा की खेळ थांबवून बघत राहावं. चेंडू अर्धं मैदान ओलांडायचा, टप्पे खात समोरच्या गोलपाशी जायचा. मी मागे चालत जाऊन पावलं मोजायचो. चेंडू थांबेल तिथे चुन्याची खूण करायचो. तसल्या खुणा मी महिनाभर केल्या आणि दर खुणेगणिक माझी छाती फुगत गेली. असला पाय उभ्या मराठवाड्यात नाही, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगत सुटलो.

नांदेडला एका सरकारी खात्याच्या संघाची निवड होती. त्यांना गोलकीपर हवा होता, आणि निवड झाली की खात्यात नोकरी. मी शिफारशीचं पत्र लिहिलं. हातांबद्दल त्यात चकार शब्द काढला नाही. पायाबद्दल पानभर लिहिलं, पावलांच्या आकड्यांसकट.

अडचण एकच होती. नव्या कलेक्टर कचेरीत शिपायाच्या जागेसाठी त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं आणि दिवस नेमका तोच. त्याचे वडील रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत. ते कामावरचा खाडा करून मला भेटायला आले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. गावातल्या कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलंय, शिपायाची जागा जवळपास मिळाल्यातच जमा आहे, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "मास्तर, आमाला खेळातलं काई कळत न्हाई. तुमी नक्की म्हनलं, तर धाडतो नांदेडला."

मी म्हणालो, "नक्की."

त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते. शिपायाचा पट्टा बांधून साहेबाला पाणी द्यायला हा पाय नाही, असंही मी वर ऐकवलं. त्यांनी हात जोडले.

नांदेडचं मैदान गोदावरीच्या अंगाला होतं. नदी आटली होती, पण मैदानाला कुठून तरी पाणी मिळत असावं. पायाखाली गवत होतं, दाट आणि ओलसर. आम्हा दोघांनाही त्याचा आनंदच झाला. तो चपला काढून त्यावर जरा वेळ चालला. कॉलेजात आला तेव्हापासून त्याने दुष्काळातलंच मैदान पाहिलं होतं. मी मात्र त्याआधीही पाहिलं होतं. मला कळायला हवं होतं.

पहिली लाथ नेहमीसारखीच बसली. आवाज तोच, उंची तीच. चेंडू मधल्या रेषेच्या थोडा अलीकडे पडला, एकदा जेमतेम उसळला आणि तिथेच बसला. दुसरी तशीच, तिसरी तशीच. चौथ्या वेळी त्याने जीव खाऊन मारला, तर चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला. नंतर हातांची पाहणी झाली. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

निवड करणारे गृहस्थ म्हातारे होते, हैदराबादेत खेळून आलेले. तो कपडे बदलायला गेला तेव्हा त्यांनी माझं पत्र खिशातून काढलं आणि आवाज न चढवता विचारलं, "मास्टरसाब, तुमारा ग्राउंड पत्थर सरीखा है क्या?" मी हो म्हणालो. पत्राची घडी माझ्या हातात देत ते म्हणाले, "गेंद रुकी कहाँ, वो नापे तुम. गिरी कहाँ, वो नापना था."

मी महिनाभर मुरूम मोजत होतो. त्याचा पाय चांगला होता, पण चारचौघांसारखा चांगला. तेवढ्यावर कुणी नोकरी देत नाही.

परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. लोहा गेल्यावर म्हणाला, "सर, माझाच पाय आज चालला न्हाई. तुमचं नाव खराब केलं मी." खरं सांगायची ती वेळ होती. गवत, मुरूम, पावलं, सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

शिपायाची जागा दुसऱ्याला गेली. तो पुन्हा मैदानावर आला नाही आणि वर्ष संपायच्या आत कॉलेजही सुटलं.

बऱ्याच वर्षांनी अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यासमोर चहाच्या टपरीवर त्याने मला ओळखलं. खांद्यावर हमालाचं फडकं, केस पिकलेले. मला बाकावर बसवून त्याने सोबतच्या हमालांना सांगितलं, "ह्या सरांनी मला नांदेडला नेलं व्हतं. साऱ्या मराठवाड्यात माझा पाय ह्यांनीच वळखला. ऐन वक्ताला म्याच कमी पडलो. हाव का न्हाई, सर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.