चालतंय की

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मालवाहू जहाजावर वायरलेस सांभाळणारा मी शिवाजी पेठेतला आणि विजेचं काम बघणारा तो कसबा बावड्याचा. कोल्हापूरचे आम्ही दोघंच. बोलायला लागलो की बाकीच्यांना वाटायचं, भांडण लागलं.

मुख्य वीज गेली तर वायरलेसला आधार फक्त राखीव बॅटऱ्यांचा. त्यांची निगा तो ठेवायचा; वायरलेस त्यांच्यावर चालवून चाचणी घेणं माझं काम. बंदर सोडण्याआधी चहा पिताना मी विचारलं, "बॅटऱ्यांचं काय रं?"

"चालतंय की! सारखं काय त्येच? पेठंतल्या मानसाला इस्वासच न्हाय."

मी हसलो. चाचणी न घेताच कप्तानाला सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मनातला हिशेब सोपा होता. वीज जाणं क्वचित, बॅटरीनं दगा देणं त्याहून क्वचित. दोन्ही एकदम कुठून होणार? पण चाचणी घेतली नाही तर बॅटरीचं दुखणं वीज गेल्यावरच कळतं, हे मी शिकलो होतो.

अरबी समुद्रात इंजिनाच्या खोलीत आग लागली. तो भाजला. वीज बंद करावी लागली. आसपासच्या एखाद्या जहाजावर डॉक्टर असेल म्हणून मी संकटाचा संदेश सुरू केला. जहाजाचं नाव गेलं, आणि ठिकाण सांगतानाच बॅटरीच्या मीटरचा काटा खाली आला. यंत्र गप्प झालं.

त्याच्याजवळ गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता.

"बॅटरी गेली व्हय?"

"तू चालतंय म्हणालतास."

"आरं, भागंल म्हणालतो मी. तू बघशीलच की."

दुसऱ्या दिवशी योगायोगानंच एक जहाज दिसलं. तोवर तो गेला होता.

सुट्टीत बावड्याला गेलो. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, घरात मळीचा वास भरला होता. त्याच्या वडिलांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "पावणं, वायरलेस चालू हुतं न्हवं? बॅटऱ्या माझं पोरगंच बघायचं म्हणं."

चाचणी माझी होती, हे सांगायलाच मी गेलो होतो.

"व्हय की," मी म्हणालो. "चालू हुतं."

त्यांचे खांदे सैल पडले. खरं बोललो असतो तर पोरालाही बोल लागला असता, अशी मी अजून स्वतःची समजूत घालतो. निघताना ते म्हणाले, "येत जावा."

मी पुन्हा गेलो नाही.