अजगराचं उत्तर चौथ्या भागात हाय

मंडळी, गेल्या आठवड्यात कळमनुरीच्या वाचनालयात नाव घातलं. राजे, राक्षस, जादू असलेली लांबलचक कादंबरी वाचायची होती, पण आधी कोणती तेच ठरंना.

तिथले सर फॉर्म बघून म्हणले, "ताई, चौथी शिकलात. ही तीन भागांची घ्या. ती सहा भागांची लई जाड हाय, झेपणार न्हाई."

"काहून? डोक्यावर वाहून न्यायचीय का?"

शेळी घेताना मी तोंड उघडून दात बघते. तसा दोन्हीतला एकेक भाग मधूनच उघडला. तीन भागवालीत पानभर नुसती राजांची नावं. दुसरीत सगळं सैन्य पळालेलं, अन् एक म्हातारी एकटीच अजगराला दरडावते, "माझं वासरू कुठंय?" तिथंच पान संपलं.

सर हसले. "ताई, हा चौथा भाग हाय."

पान उलटलं असतं तर उत्तर तिथंच होतं. न्हाई उलटलं. पहिला भाग घेऊन आले. बोट ठेवून वाचते, दिवसाला चार पानं होतात. तरी त्या म्हातारीपर्यंत मी जाणारच.

तुमच्यात कुणी वाचलंय का? एवढंच सांगा, वासरू जित्तं हाय ना? न्हाई, थांबा. काहीच सांगू नका.