पाठीवर हिरवा पट्टा असलेली कुत्री

मी रोगांच्या गणितावर काम करते. साथ कशी पसरते, कुठे अडते, किती जणांना लस दिली म्हणजे विझते, हे समीकरणात मांडायचं आणि संगणकावर चालवून बघायचं. मुंबईत त्यासाठी मला एक खुर्ची-टेबल मिळालेलं आहे. पण तो हिवाळा मी नागावच्या खालच्या अंगाला आमच्या गावी काढला, कारण माझ्या समीकरणातली कुत्री तिथे होती.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आणि मी मिळून ती कुत्री पकडत होतो. जाळं टाकायचं, रेबीजची लस टोचायची, पाठीवर हिरव्या रंगाचा पट्टा ओढायचा आणि सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने, कोळीवाड्यातून, वाड्यांच्या कुंपणाकडेने फिरत दिसेल ते कुत्रं मोजायचं. दहा दिसली आणि सातांच्या पाठीवर हिरवं असलं, तर गावातल्या दहातल्या सातांना लस पोचली असं धरायचं. तेवढी पोचली की पिसाळलेलं कुत्रं बाहेरून आलं तरी त्याला रोग पुढे द्यायला पुरेशी कुत्री भेटत नाहीत आणि साथ आपोआप मरते. रेबीजचं गणित एका बाबतीत दयाळू आहे. एका पिसाळलेल्या कुत्र्यामुळे सरासरी एकाहून थोड्याच जास्त कुत्र्यांना रोग होतो. तो आकडा जरासा खाली ढकलला की पुरे.

काकाला हे पटत नव्हतं. काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. नारळी-पोफळीच्या वाडीत त्याने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत आणि कुत्री पाहुण्यांवर भुंकतात हा त्याचा मोठा वैताग.

"गणित मांडलं म्हणून कुत्रा चावायचा ऱ्हातो काय गो?" तो मला रोज विचारायचा.

आम्ही निम्म्याच्या पुढे गेलो होतो तेव्हा ते कुत्रं आलं. सकाळी, खाडीच्या बाजूने. तोंड वासलेलं, लाळ गळत होती. कोळीवाड्यात एक मावशी बोंबील वाळत घालत होती. दिवस भरत आलेली तिची सून शेजारीच टोपली धरून उभी होती. कुत्रं न भुंकता, न गुरगुरता सरळ आलं आणि त्याने मावशीचा दंड धरला. धरला तो सोडेना. मावशीला त्याने खाली ओढलं. तिच्या किंकाळ्या मी आमच्या पडवीत ऐकल्या.

मी पोचले तेव्हा काका आधीच तिथे होता. त्याने नुसत्या हातांनी त्या कुत्र्याचा जबडा फाकवला आणि मावशीचा दंड सोडवला. मग कुणीतरी वल्हं हाणलं. कुत्रं पडलं, पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. डोकं फुटून पार सपाट झालं तरी लोक हाणतच होते. वाळूत रक्त जिरत होतं आणि वर मासळीवरच्या माशा बसत होत्या.

लोक तिथेच थांबले असते तर मी काही बोलले नसते. ते कुत्रं मरायलाच हवं होतं. पण लोक थांबले नाहीत. "गावात एक ठेवू नका," असं कुणीतरी ओरडलं आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन माणसं निघाली. बांबू, लोखंडी सळया, होडीचे वासे.

गावातली कुत्री पळाली नाहीत, हे मला अजून सहन होत नाही. त्यांना ही माणसं माहीत होती. रोज मासळीची डोकी टाकणारे हात होते ते. ती शेपट्या हलवत पुढे आली. एकीच्या पाठीवर मी आदल्या दिवशीच पट्टा ओढला होता. ती पोटावर सरपटत एका माणसाच्या पायाशी आली आणि त्याने सळई तिच्या कण्यावर मारली. तिचा मागचा भाग लुळा पडला, तरी ती पुढच्या पायांवर त्याच्याकडेच सरकत होती. त्याने दुसऱ्यांदा मारली.

"हिरवी मारू नका!" मी ओरडत पळत होते. "हिरव्यांना लस दिलीय! तीच तुम्हाला वाचवतायत!"

कुणी ऐकेना. आमच्या वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, एक हिरव्या पट्ट्याचं पिवळसर कुत्रं दोन पोफळींच्या मध्ये अडकलं होतं. समोर काका, हातात बांबू. मी मधे शिरले. काकाने मला पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. बांबू खाली आला आणि माझ्या डाव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला दुखायच्या आधी ऐकू आला. मी खाली बसले. मागच्या माणसाने माझ्या डोक्यावरून हात घालून ते कुत्रं मारलं.

काका बांबू टाकून माझ्याजवळ बसला. तेव्हा मला त्याचे हात दिसले. बोटांच्या पेरांवर कातडी सोलली होती आणि त्या सगळ्यावर सुकलेली लाळ होती.

"काका, उठ. साबण घे. नळाखाली हात धर."

"ओरखडा हाय. तुझा हात बघ आधी."

"मोडक्या हाताने मी मरणार नाही!"

मी त्याला एका हाताने ओढत नळाशी नेलं. त्याने हात काढायचा प्रयत्न केला की मी शिवी देत होते. वडिलांच्या भावाला मी त्याआधी कधी अरे-तुरेपलीकडे काही बोलले नव्हते. मग डॉक्टरीणबाईंच्या गाडीत मावशी, तिची सून, काका आणि मी असे अलिबागला निघालो. वाटेत मावशी शुद्धीवर होती. सून तिच्या दंडाला पदर दाबून धरून बसली होती.

दवाखान्यात मावशीच्या जखमेत चहूबाजूंनी सुया टोचल्या. ते बघून काका उठून बाहेर निघाला. मी दारात आडवी उभी राहिले आणि रेबीजने माणूस कसा मरतो ते त्याला सांगितलं. पाणी समोर आणलं की घसा कसा आवळतो, त्याला बांधून कसं ठेवावं लागतं, आणि एकदा सुरू झालं की जवळपास कुणीच कसं वाचत नाही. आवाज न चढवता सगळं सांगितलं. काका परत आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

प्लास्टर घालून घरी आल्यावर मी एका हाताने संगणकावर गावाचं चित्र पुन्हा चालवलं, मेलेली कुत्री वजा करून. मला वाटलं होतं तसंच आलं. गाव रिकामं झालं होतं, मासळीची घाण मात्र तेवढीच होती. तेवढ्या खाण्यावर तेवढीच कुत्री पुन्हा जमणार होती, शेजारच्या गावांतून, लस न टोचलेली. आम्ही बांधलेली भिंत लोकांनी पाडली होती आणि जागा मोकळी करून दिली होती.

देवळाच्या सभागृहात मी हे सांगायला गेले तेव्हा एकाने खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. "माणसापेक्षा कुत्रा मोठा झाला हिला!" गलका झाला. कुणी माझ्या अंगावर धावून आलं. काका कोपऱ्यात हातांना पट्ट्या बांधून बसला होता. उठून तो माझ्यापुढे उभा राहिला. बोलली ती मावशी.

"चावलाय मला, तुम्हाला न्हाय," ती म्हणाली. "तुम्ही मारलीत, आता परत आली तर काय, परत मारणार? माझ्या घरात पोर येनार हाय. त्यांना सुया टोचायच्या असतील तर टोचू द्या."

नवी कुत्री आलीच, आणि मला वाटलं होतं त्याहून लवकर. दुबळी, हाडं निघालेली, माणूस दिसला की दात दाखवणारी. जाळं धरायला डॉक्टरीणबाईंना दोन धड हातांचा माणूस हवा होता. काका आला. माफी त्याने मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. पहिल्या दिवशी त्याला कुत्र्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तो मान वळवून जाळं दाबून धरायचा.

माझ्या समीकरणात मी एक नवं अक्षर घातलं. कुणाला कुत्रं चावल्यानंतर माणसांनी मारलेली कुत्री, लसवाली आणि बिनलसवाली मिळून. मुंबईतले सहकारी म्हणाले, हे जीवशास्त्रात कुठे येतं? मी म्हटलं, या रोगात येतं. ते अक्षर घातल्यावर संगणकातली साथ पहिल्यांदा आमच्या गावासारखी वागायला लागली.

पावसाळा सरल्यावर आणखी एक पिसाळलेलं कुत्रं सुरूच्या बनात शिरलं. पावसानंतर पुन्हा हिरवा पट्टा ओढलेल्या दोन कुत्र्यांना त्याने चावून फाडलं. माणसं बांबू घेऊन आली आणि बनाबाहेर उभी राहिली. कुणीतरी डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. काका आणि त्या जाळं घेऊन आत गेले. कुत्रं जाळ्यात स्वतःचेच पाय चावत होतं. इंजेक्शन दिल्यावरही बराच वेळ झटके देत राहिलं, आणि बाहेरची माणसं ते शांत होईपर्यंत तिथेच उभी होती. मग बांबू खांद्यावर टाकून घरी गेली.

फाडलेली दोन्ही कुत्री पुढे आम्ही नजरेखाली ठेवली. त्यांना रोग झाला नाही.