सामाईक विहिरीवरचं भांडण

परतवाड्याजवळची आमची संत्राबाग आणि शेजारच्या काकांची बाग, दोन्हींना विहीर एकच. उन्हाळा लागला की पाण्याच्या पाळ्या ठरवायला बाबा आणि काका दोन बागांमधल्या धुऱ्यावर बसत. म्हणजे भांडायला बसत. आधी चपला काढायच्या, मग एकमेकांच्या खानदानाचं सोडून बाकी सगळं काढायचं. फारच संताप आला की बाबा उठून एक चप्पल पायात घालत. एकच. काका ओरडत, "बस ना बे, कावून नाटकं करून राहिला!" बाबा बसत, काका एखादा दिवस सोडत, काकू चहा आणत. वर्षानुवर्षं हेच.

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते माझ्याकडे राहायला आले, म्हणून पाळ्या ठरवायला मी गेलो. मी अमरावतीला कॉलेजात शिकवतो. चिडलं की समोरचा नमतो, एवढं बाबांकडे बघून शिकलो होतो. चांगला चिडलो. आवाज चढला तशी मजाच यायला लागली आणि भरात बोलून गेलो, "काका, पाणी चोरणं तुमच्या बापापासूनच चालत आलंय!" दोन्ही चपला घातल्या आणि निघालो.

काका ओरडले नाहीत. "घे बापा, चार दिवस तुले, तीन मले," एवढंच म्हणाले. मी लगेच बाबांना फोन लावून विजय कळवला.

"शिव्या किती देल्या त्यानं?"

"एकही नाही."

बाबांनी फोन ठेवून दिला.

मे महिन्यात माझ्या पाळीत पाइप निसटला. मोटर ऑटोवर, लाइन आली की आपली आपण सुरू. चारही दिवस पाणी नाल्यात गेलं. मी अमरावतीत पेपर तपासत होतो. काका रोज शेजारीच होते. पूर्वी अशा वेळी ते आधी धावत जाऊन मोटर बंद करत आणि मग फोनवर आमचा उद्धार. पुढचे तीन दिवस त्यांची पाळी. मी पोचलो तेव्हा झाडांखाली बोराएवढ्या संत्र्यांचा सडा पडला होता. वर्षाचा बहार गेला.

तणतणत त्यांच्या घरी गेलो. "काका, एक फोन तरी करायचा!"

"तुमची पाळी होती."

माझा सगळा राग तिथंच गळाला. लाज वाटली, खरंच वाटली. म्हणालो, "चुकलं काका. शिव्या द्या. थोबाडीत मारा दोन."

"कायले?" काका म्हणाले, आणि काकूंना हाक मारून माझ्यासाठी आतून खुर्ची आणवली.