पौलाची तेवढीच ओळ

ईस्टरच्या सकाळी आमच्या ख्रिस्ती देवळात माझी धाकटी बहीण साक्ष द्यायला उभी राहिली. मोठ्या दुखण्यातून उठली होती. देवाचे आभार मानायचे होते. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, बसा. मंडळीत बायकांनी गप्प राहावं, असं प्रेषित पौलानं पत्रात लिहिलंय."

ती मुकाट्यानं बसली. मी मात्र आतून धुमसत राहिलो. येशूनं आपण मरणातून उठल्याची बातमी आधी बायकांवरच सोपवली. पौलानंही पत्रांत आपल्याबरोबर राबलेल्या बायकांची नावं आदरानं घेतली आहेत. मग यांना नेमकी तेवढीच ओळ कशी पाठ असते?

उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना तसं विचारलं. "बघू पुढं कधीतरी," म्हणून ते हसले.

बाहेर चिंचेखाली बहीण बायकांना दुखण्यातून उठल्याचं सगळं सांगत होती. पुरुष पलीकडे जेवणाच्या गप्पांत होते.